मांडुळाचें वजन व मांडुळाची वीण

मृगाचा पहिला पाऊस पडून वाफसा आला, औत सुरू झालें, कीं एखाद्या तासांत मांडूळ उघडें पडतें. पूर्वीं गडी त्यास काठीनें बाजूस सारी व काम पुढें चाले. हल्लीं तसें होत नाहीं. औत थांबतें, मोबाइलवर फोटो निघतात, आणि "किती किलो भरेल?" हा प्रश्न साप जिवंत आहे कीं जखमी हें पाहण्यापूर्वींच विचारला जातो. आमच्याकडे सभासदांकडून येणाऱ्या विचारणांतही आतां एक नवी भर पडली आहे. परदेशांत लोक बोआ जातीचे साप घरीं पाळून त्यांची पैदास करतात, मांडूळ हें त्याच कुळांतलें, मग शेळ्या-कोंबड्यांप्रमाणें मांडुळाचीही पैदास आपण कां करूं नये, असें कांहीं तरुण शेतकरी विचारतात.

कायद्याचें उत्तर प्रथम देऊन टाकतों. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें मांडूळ संरक्षित आहे. तें पकडणें, बाळगणें, विकणें हा गुन्हा असून त्यास कैद व दंड दोन्ही आहेत. आपल्या शेतांत सांपडलें म्हणून तें आपल्या मालकीचें होत नाहीं. परदेशी बोआ कोणी कायदेशीर मार्गानें बाळगीत असेल तर त्यालाही २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारीं नोंद करावी लागते. परंतु एवढ्यानें विषय संपत नाहीं. सापाची मादी गाभण आहे हें कसें ओळखतात, याची माहिती परदेशांतील पाळणाऱ्यांनीं पुष्कळ जमविली आहे. ती आपणांस पैदाशीसाठीं नव्हे, तर दुसऱ्याच कारणासाठीं उपयोगी आहे. तें कारण वजनाशीं निगडित आहे.

सर्व साप अंडीं घालतात असा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. तो खरा नाहीं. नाग, मण्यार, धामण, अजगर हे अंडीं घालतात. घोणस, फुरसें, हरणटोळ, मांडूळ व डुरक्या घोणस हे पिलें प्रसवतात. घोणशीला एका वेतांत वीस-चाळीस पिलें होतात. मांडुळास बहुधा सहा ते आठ, क्वचित् अधिक. बलकाचा सांठा अंड्याप्रमाणेंच असतो, पण कवच धरीत नाहीं. पातळ पडद्यांत गुंडाळलेला गर्भ आईच्या पोटांतच वाढतो, आणि पाणी व प्राणवायु तिच्याकडून घेतो.

यांत मादीस लाभ काय? ऊब. साप थंड रक्ताचा. त्याच्या अंगची उष्णता बाहेरून येते. अंडीं एकदां घातलीं कीं तीं जेथें आहेत तेथल्या हवेच्या स्वाधीन होतात. अजगराची मादी अंड्यांभोवतीं वेटोळें घालून अंग थरथरवून त्यांस ऊब देते, पण तेवढे कष्ट थोड्याच जाती घेतात. पिलें पोटांत असलेली मादी मात्र गर्भासह उन्हांत जाते, तापलें कीं सांवलींत येते. गाभण मादीचें सारें वर्तन या एका गोष्टीभोवतीं फिरतें, हें ध्यानांत धरलें म्हणजे पुढील खुणा आपोआप उमगतात.

मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत आढळणारे मोठे बोआ अमेरिकेंत व युरोपांत हौसेनें पाळले जातात. आपण म्हशीचा फळविल्याचा दिवस लिहून ठेवतों आणि दहा महिने दहा दिवस मोजतों. बोआ पाळणाऱ्यास तसें करतां येत नाहीं. नर-मादी महिनेन् महिने एकत्र येत राहतात, आणि नराचें बीज मादीच्या अंगांत कांहीं काळ टिकून राहतें. त्यामुळें संयोगाच्या तारखेला फारसा अर्थ उरत नाहीं. म्हणून ते दुसरी खूण धरतात. अंडकोशांतून बीजें सुटतात त्या वेळीं मादीच्या अंगाचा मधला भाग एखादी घूस गिळल्यासारखा फुगतो व सुमारें एका दिवसांत ओसरतो. हें पुष्कळांच्या नजरेंतून निसटतें. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीं ती कात टाकते. हा कात टाकल्याचा दिवस वहींत टिपला जातो, आणि तेथून सुमारें शंभर ते एकशेंवीस दिवसांनीं पिलें होतात. गाभण काळाची मोजणी कातीवरून करावी हें आमच्या गोठ्यांतल्या माणसांस चमत्कारिक वाटेल, पण सापांत याहून भरंवशाची तारीख मिळत नाहीं.

आतां खऱ्या अडचणीचा मुद्दा असा कीं, मादी फुगली आहे ती भक्ष्यानें कीं गर्भानें? उंदीर खाल्लेल्या सापाचा फुगवटा एके ठिकाणीं, बहुधा अंगाच्या मध्यावर असतो, आणि आठ-दहा दिवसांत जिरतो. गर्भाचा फुगवटा मागच्या अर्ध्या भागांत लांबवर पसरलेला असतो. तो जिरत नाहीं, उलट आठवड्यागणिक भरत जातो व शेवटीं गुदद्वाराकडे सरकतो. कातडें ताणून खवल्यांमधली त्वचा दिसूं लागते. पुष्कळ माद्या खाणें टाकतात. ज्या खातात त्यांना पाळणारे लहानच भक्ष्य देतात. मादी पिंजऱ्याच्या उबदार टोकास पडून राहते, पोट कुशीवर किंवा पाठीवर वळवून उबेकडे धरते. ही पोट वर करून पडण्याची रीत पाहून नवखे लोक साप मेला समजून घाबरतात! गर्भास तिशीच्या थोड्या वर, तीस-बत्तीस अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती न मिळाल्यास मेलेलीं किंवा व्यंग असलेलीं पिलें निघतात. फळ न धरलेलीं बीजें पिवळ्या गोळ्यांच्या रूपानें पिलांबरोबरच बाहेर पडतात. पोट दाबून पाहण्याची संवय जाणते लोक धरीत नाहींत, कारण त्यानें आंतले पडदे फाटतात. खात्री करावयाची असल्यास पशुवैद्याकडे सोनोग्राफी करवितात. इतकें करूनही मादी दरवर्षीं वितेच असें नाहीं. एका वितीनें तिचें अंग इतकें उतरतें कीं पुष्कळदां एक वर्ष आड जातें.

नराच्या बीजावांचूनही बोआची मादी विल्याचें उदाहरण २०१० साली प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं त्या पिलांची आनुवंशिक तपासणी केली, तेव्हां तीं सर्व माद्या असून त्यांत बापाचा अंश नाहीं असें आढळलें. निसर्गांत हें दुर्मिळ आहे. पण "जवळ नर नव्हता, म्हणून गाभण नाहीं" हें अनुमानही सापांत पक्कें नसतें, एवढें यावरून दिसतें.

आपल्या मांडुळाकडे येऊं. मोठ्या बोआच्या मानानें हें लहान जनावर, दोन-तीन फुटांचें, मादी नरापेक्षां मोठी. दिवसा भुसभुशीत मातींत दडून राहतें, रात्रीं उंदरांच्या बिळांत शिरून उंदीर व त्यांचीं पिलें खातें. विष नाहीं. शेपूट बोथट असल्यानें त्यास दोन तोंडें आहेत, सहा महिने एक व सहा महिने दुसरें चालतें, अशी समजूत पडली. वस्तुतः संकट आलें कीं तें डोकें वेटोळ्याखालीं लपवून शेपूट पुढें करतें, म्हणून जुन्या मांडुळांच्या शेपटीवर व्रण दिसतात. त्याचीं पिलें जन्मतः वीतभर, शेपटीकडे काळसर पट्टे असलेलीं असतात, आणि आईवांचून पहिल्या दिवसापासून स्वतंत्र राहतात.

बाजारवाल्यांनीं या गरीब जनावरास गुप्तधन दाखविणारें, असाध्य रोग बरे करणारें ठरविलें. दोन्हींस काडीचा आधार नाहीं. वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी-इंडिया या संस्थेनें बातम्यांवरून केलेल्या नोंदींत २०१६ ते २०२१ या काळांत मांडूळ जप्तीच्या १७२ घटना देशांत आढळल्या, आणि त्यांपैकीं ५९ एकट्या महाराष्ट्रांतील होत्या. दलाल भाव वजनावर सांगतो: इतके किलो भरलें तर लाखों, त्यापुढें कोटी. सामान्य मांडूळ तेवढें भरतच नाहीं, आणि गोम तेथेंच आहे. भरत नाहीं म्हणून "आणखी थोडें वाढवा" असें सांगून मध्यंतरीं आगाऊ पैसे उकळतात. वजनासाठीं सापाच्या पोटांत धातूच्या गोळ्या कोंबल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. गिऱ्हाईक शेवटपर्यंत येत नाहीं. बहुधा पोलीस येतात.

परंतु वजन शोधणाऱ्याच्या हातीं कोणतें मांडूळ पडतें याचा विचार कोणी करीत नाहीं. नर लहान म्हणून सोडला जातो. जाडजूड, मागून भरलेलें, बांधावरच्या तापलेल्या दगडाशीं सुस्त पडलेलें, पळावयास मंद असें जें जनावर तें पोत्यांत जातें. वर सांगितलेल्या खुणा पुन्हां पडताळून पाहाव्यात. त्या बहुतेक गाभण मादीच्याच आहेत. ज्या दोन-तीनशे ग्रॅमच्या लोभानें तें उचललें, तीं तिचीं पिलें असण्याचा संभव मोठा. पोत्यांत ना ऊब, ना ओल. तेथें गर्भ जगत नाहीं. एका वेळीं एक मादी आणि सहा-आठ पिलें शेतांतून जातात. उंदीर तेवढे मागें राहतात, आणि त्या वर्षीं ज्वारीच्या ताटांखालीं कणसांचा चुरा पडलेला दिसला कीं आम्ही विषाच्या गोळ्या आणावयास दुकानांत जातों.

औतापुढें मांडूळ आल्यास बैल किंवा ट्रॅक्टर थांबवून तें आपण होऊन मातींत शिरेतों वाट पाहावी. जागेवरून दूर नेऊं नये. फाळानें जखम झाली असेल तर महाराष्ट्रांत वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. मात्र हात लावण्यापूर्वीं एक खबरदारी अवश्य घ्यावी. मांडुळाचा भाऊबंद डुरक्या घोणस अंगावर वेडेवांकडे डाग बाळगतो, आणि खऱ्या विषारी घोणशीशीं त्याची गल्लत दोन्ही बाजूंनीं होते. घोणशीच्या पाठीवर सांखळीसारख्या गोल डागांच्या तीन ओळी, डोकें त्रिकोणी, आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा मोठा. डुरक्याचें डोकें मानेपासून वेगळें दिसत नाहीं व शेपूट आंखूड, खरखरीत असतें. ओळखण्यांत लेशमात्र शंका असेल तर दहा हात दूर राहावें. दंश झालाच तर मांत्रिकाकडे एक घटकाही न घालवितां, ज्या रुग्णालयांत प्रतिविष मिळतें तेथें रोग्यास न चालवितां न्यावें.