उंच गाडीचा हिशेब

भारतात आज विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहने एसयूव्ही या नावाने विकली जातात, आणि तरीही एसयूव्ही म्हणजे नेमके काय, याचे उत्तर शोरूममधल्या माहितीपत्रकापेक्षा करविषयक नियमांत अधिक नेमकेपणाने सापडते. लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे आणि गाडी रिकामी असताना ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाचा सर्वांत खालचा भाग आणि रस्ता यांमधील अंतर, १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, अशी ती व्याख्या आहे. या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर पूर्वी अधिभारासह ५० टक्के कर पडत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, तर चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलचे १२०० किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या गाडीला १८ टक्केच कर लागतो. चार मीटरला दोन-चार मिलिमीटर कमी अशा लांबीत उंच बोनेट, मोठी चाके आणि आखूड डिकी बसवलेल्या गाड्यांनी रस्ते भरून गेले आहेत ते या फरकामुळेच. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. टाटांची सुमो १९९४ मध्ये आणि सफारी १९९८ मध्ये पुण्यातून, तर महिंद्रांची स्कॉर्पिओ २००२ मध्ये नाशिकमधून बाहेर पडली, आणि चाकण, रांजणगाव, नाशिक या पट्ट्यात आजही अशा गाड्यांचे मोठे उत्पादन होते.

गाडी घरी येऊन सहा-आठ महिने झाले, दोन सर्व्हिसिंग उरकल्या आणि एक पावसाळा अंगावरून गेला, की नव्या कोऱ्या गाडीची नवलाई ओसरते आणि तिचा खरा स्वभाव कळू लागतो. ज्या उंचीसाठी मालकाने जास्तीचे पैसे मोजलेले असतात, तीच उंची आणि तिच्याबरोबर येणारे वजन या गाडीच्या जवळजवळ प्रत्येक सोयीच्या आणि प्रत्येक गैरसोयीच्या मुळाशी असते, ही गोष्ट या काळात हळूहळू ध्यानात येते. ती ध्यानात आलेला मालक आणि न आलेला मालक यांच्या गाड्या दोन वर्षांनी वेगळ्या दिसतात.

सोयींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना खाली वाकून सेडानमध्ये उतरण्यापेक्षा कमरेच्या उंचीच्या आसनावर नुसते सरकून बसणे सोपे जाते, आणि ज्या घरात दर महिन्याला दवाखान्याची फेरी असते तिथे एवढ्या एका कारणासाठी ही गाडी घेणे समर्थनीय ठरते. गावोगावचे गतिरोधक कुणी, किती उंचीचे आणि कोणत्या मापाने घातले याला ताळतंत्र नसल्यामुळे तळ न घासता जाणारी गाडी ही आपल्याकडे चैन राहिलेली नाही. मात्र जाहिरातीतला ग्राउंड क्लिअरन्स बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि टपावर सामान अशी गाडी कोकणातून परत येऊ लागते तेव्हा स्प्रिंगा दबून हे अंतर काही सेंटिमीटरने घटलेले असते, आणि जाताना सहज ओलांडलेला तोच गतिरोधक येताना तळाला लागतो.

उंचीची किंमत सर्वांत आधी घाटात जाणवते. गाडीचे सगळे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते तो गुरुत्वमध्य जितका वर, तितकी गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला अधिक कलते. या कलण्याला बॉडी रोल म्हणतात. डाव्या आणि उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की गाडीच्या उलटण्याविरुद्धच्या स्थैर्याचा एक ढोबळ अंक मिळतो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेच्या मोजणीत हा अंक साध्या कारसाठी साधारण १.३ ते १.५ आणि एसयूव्ही, पिकअप, व्हॅन यांच्यासाठी १.० ते १.३ असा येतो. ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागताच एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला ताळ्यावर आणणारी यंत्रणा, आता बहुतेक नव्या एसयूव्हींत असते आणि तिने हा धोका पुष्कळ कमी केला आहे. पण आंबोलीच्या किंवा आंबेनळीच्या वळणावर जुन्या हॅचबॅकच्या वेगाने शिरणाऱ्या चालकासाठी भौतिकशास्त्राचे नियम काही बदलत नाहीत. मागच्या आसनावरच्या मुलांना घाटात मळमळू लागते त्यामागेही अनेकदा हे कलणेच असते. ते आवरण्यासाठी बनवणारे स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर कडक ठेवतात, त्यामुळे मोठा खड्डा सहज पचवणारी गाडी शहरातल्या बारीक उखडलेल्या रस्त्यावर मात्र हलकेच सतत हादरत राहते. ही तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटर गाठणाऱ्यांची संख्या मोठी असली तरी तो बहुतेक वेळा बिघाड नसून रचनेतली तडजोड असते.

उतारावर प्रश्न वजनाचा होतो. दीड टन किंवा त्याहून जड गाडी घाट उतरताना केवळ ब्रेकवर धरून ठेवली, तर ती सारी ऊर्जा उष्णता बनून ब्रेकच्या तबकड्यांत आणि पॅडमध्ये साठते आणि तळाशी पोचेपर्यंत पेडल दाबूनही पूर्वीसारखी पकड मिळत नाही. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा एसटीच्या आणि ट्रकच्या चालकांचा जुना नियम ऑटोमॅटिक गाडीलाही तितकाच लागू आहे. तिच्यात हाताने गिअर पाडण्याची सोय असते, आणि कित्येक मालकांचा हात वर्ष उलटले तरी त्या सोयीकडे वळत नाही.

घराजवळ आल्यावर हीच उंची वेगळ्या तऱ्हेने आडवी येते. समोरचे लांबवरचे दिसते, पण उंच आणि सपाट बोनेटमुळे बंपरच्या लगतचे दिसत नाही, आणि वाड्याच्या बोळात किंवा सोसायटीच्या आवारात गाडीपुढे बसून खेळणारे लहान मूल चालकाच्या नजरेआड जाते. मागे बघायला कॅमेरा असतो, पुढे बघायला बहुतेक गाड्यांत तो नसतो. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी पुढून एक फेरी मारण्याची सवय या वाहनाच्या बाबतीत अनिवार्य मानायला हवी. पार्किंगचे गणितही घट्ट आहे. अडीच मीटर रुंदीच्या जागेत सुमारे १.८ मीटर रुंदीची गाडी मधोमध उभी केली, तर दोन्ही अंगांना जेमतेम ३५ सेंटिमीटर उरतात, आणि शेजारीही तशीच गाडी असेल तर दार अर्धवट उघडून अंग चोरून बाहेर पडावे लागते. दोन मजली यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यावर उंचीची आणि वजनाची मर्यादा रंगवलेली असते. ही मर्यादा गाडी नोंदवण्यापूर्वी वाचली नाही तर पुढे कायमची जागा शोधत फिरावे लागते.

मायलेजविषयीचा अपेक्षाभंग हा या महिन्यांतला ठरलेला टप्पा आहे. माहितीपत्रकातला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत, रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या वेग-आलेखानुसार मिळवलेला असतो. या आलेखातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे, आणि त्यात कात्रज चौकातली वाहतूक कोंडी धरलेली नाही. खरा आकडा काढायचा तर टाकी काठोकाठ भरून, ठराविक अंतर चालवून, त्याच पंपावर पुन्हा भरून भागाकार करावा लागतो. डॅशबोर्डवरचा अंक त्याहून थोडा उदार असतो. त्यात उंच गाडीला हवेचा विरोध जास्त, आणि हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने समृद्धी महामार्गावर ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेग ठेवला की तो सव्वादोन पट होतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते, आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असल्यामुळे निव्वळ हिशेबाने ऊर्जेत सहा-सात टक्क्यांची घट येते. इंजिनाच्या जुळणीनुसार प्रत्यक्षातली घट कमी-जास्त होते.

डिझेल गाडीच्या मालकाने मात्र मायलेजपेक्षा दुसऱ्या एका भागाची काळजी वाहायला हवी, आणि शोरूममध्ये त्याविषयी पुरेसे सांगितले जात नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात डीपीएफ नावाची सूक्ष्म छिद्रांची सिरॅमिकची गाळणी आली, जी काजळीचे कण अडवून धरते. ही काजळी साठत जाते, आणि ती जाळून गाळणी मोकळी करण्याच्या प्रक्रियेला रिजनरेशन म्हणतात. महामार्गावर गाडी सलग एका वेगात धावत असली तर धुराच्या उष्णतेने काही काजळी आपोआप जळते. शहरात ती संधी मिळत नाही, तेव्हा संगणक सिलिंडरमध्ये जास्तीचे डिझेल सोडून गाळणीचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो. त्या वेळी लक्ष देणाऱ्याला खुणा दिसतात: उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा किंचित चढलेले, तात्कालिक मायलेज एकाएकी घसरलेले, तापलेल्या धातूचा वास, आणि चावी काढल्यावरही पंखा घरघरत राहिलेला. हे काम दहा-वीस मिनिटांचे असते. घर ते शाळा आणि शाळा ते घर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते दर वेळी अर्ध्यावर तुटते, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि तपासकांडीवर त्याची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसते. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागल्यावर गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने थोडा वेळ चालवणे हा साधा उपाय आहे. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर कार्यशाळेत सक्तीचे रिजनरेशन आणि त्यानेही भागले नाही तर गाळणी बदलण्याचा फार मोठा खर्च पुढे येतो. ज्याचा रोजचा प्रवास आखूड आहे त्याने ‘डिझेल स्वस्त पडते’ एवढ्या भांडवलावर डिझेल एसयूव्ही घेणे ही चुकीची निवड आहे, आणि ती चूक विक्रेत्याने वेळीच दाखवून द्यायला हवी.

पावसाळ्यात उंची खोटा धीर देते. हिंदमाता किंवा अंधेरी सब-वे येथे साचलेल्या पाण्यातून उंच गाडी जाईल असे वाटते, आणि अनेकदा ती जातेही; पण इंजिनात हवा घेणारे तोंड कोणत्या उंचीवर आहे यावर सारे अवलंबून असते, आणि पुढच्या बसने उसळलेली लाट ते तोंड सहज गाठते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये हा नियम याचसाठी आहे. तसे केल्याने झालेले इंजिनाचे नुकसान सर्वसाधारण विमा सहसा देत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. वाहत्या पाण्याचा धोका याहून गंभीर आहे. फरशी पुलावरून दोन फूट उंचीचा जोरदार प्रवाह जात असेल तर तो एसयूव्हीलाही वाहून नेऊ शकतो. हर्णे किंवा काशीदच्या पुळणीत रुतणाऱ्या गाड्यांचे कारणही अशाच गैरसमजात आहे: दिसायला दणकट असलेल्या बहुसंख्य एसयूव्हींत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते, आणि ओल्या वाळूत ती चाके जागच्या जागी फिरत खोल जातात, तोवर भरती सुरू झालेली असते.

हौसेच्या वस्तूंपैकी एकीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. पुढच्या बंपरवर लोखंडी गार्ड बसवण्यास केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली, कारण धडकेचा आघात शोषून चुरगळण्यासाठी बनवलेला गाडीचा पुढचा भाग त्या गार्डमुळे आपले काम करू शकत नाही, एअरबॅग उघडण्याच्या वेळेत फरक पडू शकतो आणि समोरच्या पादचाऱ्याला होणारी इजा वाढते. तरीही तो बसवून देणारी दुकाने अजून आहेत.

वर्ष भरत आले की विम्याच्या पहिल्या नूतनीकरणाची सूचना येते. नव्या खासगी गाडीचा तृतीय पक्ष विमा तीन वर्षांचा असला तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो, आणि त्याचा पाया असलेली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५ टक्के आणि दुसऱ्या वर्षात २० टक्के घसारा वजा करून ठरवली जाते. बंपर, कडांचे प्लॅस्टिक आवरण, रबर यांसारख्या भागांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो, आणि एसयूव्हीच्या बाह्य अंगावर नेमके हेच भाग जास्त असल्यामुळे शून्य घसाऱ्याचे जोडकलम तिच्या बाबतीत पहिली काही वर्षे चालू ठेवणे फायद्याचे ठरते. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढून दिलेला प्रस्ताव नाकारावा, कारण गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर भरपाई त्या आकड्यापुरतीच मिळते.