वसईच्या घंटा घाटमाथ्यावर

भीमाशंकरच्या देवळासमोर, दोन दगडी खांबांच्या मध्ये टांगलेली भलीमोठी घंटा आपल्याकडे ओतलेली नाही. आपल्या देवळातल्या घंटांपेक्षा तिची घडण वेगळी आहे, अंगावर ख्रिस्ती चिन्हे आहेत. श्रावणी सोमवारी ओतूरला मांडवीकाठी कपर्दिकेश्वरापुढे कोरड्या तांदळाच्या पिंडी पाहून झाल्या की पुढच्या सोमवारी नारायणगाव, मंचर, घोडेगाव, डिंभे असे करत भीमाशंकर गाठणारी माणसे आपल्या जुन्नर भागात पुष्कळ आहेत. त्यांतले बहुतेक जण या घंटेखालून जातात. ही घंटा कुण्या एके काळी समुद्रकाठच्या एका शहरात वाजत होती आणि ते शहर आज उजाड उभे आहे, हे मात्र रांगेतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

ते शहर म्हणजे वसई. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी होती. खाडीच्या तोंडाशी बुरुजांचा कोट, एक दरवाजा समुद्राकडे उघडणारा, एक जमिनीकडे. आत गव्हर्नरचा वाडा, इस्पितळ, तुरुंग, श्रीमंतांच्या हवेल्या आणि चर्चेस. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येक पंथाचे आपापले देऊळ आणि मठ. जपानमध्ये नागासाकीला १५९७ साली क्रुसावर प्राण दिलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. एवढ्या चर्चच्या शहरात दिवसाचे प्रहर घंटांनीच मोजले जात असणार.

मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी घेतली, तरी वसई हाती लागेना. फेब्रुवारी १७३९ मध्ये पेशव्यांचे सेनानी चिमाजी आप्पांनी वेढा आवळला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे मदतीला आले. तटाखाली सुरुंग खणायचे, दारू भरायची, बत्ती द्यायची, भगदाडावर धावून जायचे, माणसे पडायची, पुन्हा खणायचे. असा तो झगडा होता. किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी बांधून आत उडवा, असे आप्पा म्हणाल्याची आख्यायिका आजही सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्या वेळची इरेला पेटलेली मने तिच्यात दिसतात. सेंट सेबॅस्टियन बुरूज सुरुंगाने फुटला आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. मराठ्यांची माणसे हजारोंनी कामी आली होती. तरीही तह उदार होता. शत्रूला शस्त्रांसह, मानाने, गलबतांतून जायची मुभा मिळाली, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्म पाळायची मोकळीक मिळाली. वसईतला ख्रिस्ती समाज आजही मराठी आणि आपल्या बोली बोलतो. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या तहाची आठवण मला लढाईच्या आठवणीइतकीच मोलाची वाटते, आणि ती फार कमी वेळा काढली जाते.

जिंकलेल्या शहरातून घंटा निघाल्या. पाच मोठ्या घंटा आप्पांनी आणल्या असे परंपरा सांगते: एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला, एक पुण्याच्या ओंकारेश्वराला, एक पाषाणच्या परिसरात, एक शिरूरजवळच्या रामलिंगाला. याद्या सांगणाऱ्यागणिक थोड्या बदलतात. नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही वसईचीच मानतात. तिच्यावर १७२१ हे साल आहे. मेणवलीची घंटा १७०७ सालची, वजनाने साडेसहाशे किलोच्या घरातली, अंगावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी. कृष्णेच्या घाटावर महादेवापुढे ती दोनशेहून अधिक वर्षे आहे.

एवढे वजन कोकणातून सह्याद्रीवर चढवणे म्हणजे काय काम, हे माळशेज घाटाची वाट पाहिलेल्या ओतूरकराला सांगावे लागणार नाही. मोटाररस्ता नाही, क्रेन नाही, माणसांचे आणि जनावरांचे बळ तेवढे. कोणत्या घाटाने कोणती घंटा वर आली असेल ते असो, पण किनारा आणि देश यांच्यातली ही ये-जा जुन्नर तालुक्याला नवी नव्हती. वसईच्या शेजारचे सोपारा आणि खाडीवरचे कल्याण ही सातवाहनांच्या काळातली बंदरे, आणि त्यांचा माल नाणेघाटातून जुन्नरच्या पेठेत चढत असे. घाटातल्या लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे तो त्याच वाटेवर. दोन हजार वर्षे समुद्राचे काही ना काही आपल्याकडे येतच राहिले आहे.

आणि वसईचा विजय जुन्नरमध्ये घंटेपेक्षाही झळाळत्या रूपात आहे. ओझरच्या विघ्नेश्वराचा जीर्णोद्धार चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर केला आणि शिखर सोन्याने मढवले, असे सांगतात. येडगाव धरणाच्या पाण्याकाठचे ते शिखर पाहताना अष्टविनायकाचा यात्रेकरू हात जोडतो, त्यात गैर काहीच नाही. पण त्या सोन्यामागे सेबॅस्टियन बुरुजाच्या भगदाडात पडलेली माणसे आहेत, हेही त्याला कुणी सांगायला हवे.

घंटा वितळवता आल्या असत्या, हा या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. घंटेचे कासे म्हणजे तांबे आणि कथील. तोफेचे कासेही तेच, फक्त घंटेत कथील जास्त, साधारण पाचवा हिस्सा, म्हणून ती कठीण, कडक आणि दीर्घ नाद देणारी. युरोपात शहर पडले की तिथल्या घंटांवर तोफखान्याचा हक्क मानत, आणि कित्येक घंटांच्या तोफा झाल्या. पेशव्यांनाही तोफांची गरज होतीच. तरी या घंटा भट्टीत गेल्या नाहीत. त्यांच्यावरची मेरी तासून काढली गेली नाही. देवाचे साहित्य दुसऱ्या देवापुढे टांगले गेले आणि तिथेही त्याच्याकडून त्याचेच काम घेतले गेले.

जगात असे दुसरे प्रसंग आहेत. कॉर्डोव्हाच्या अल-मन्सूरने ९९७ मध्ये स्पेनमधल्या सांतियागोच्या घंटा युद्धकैद्यांच्या खांद्यांवरून नेल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजाने कॉर्डोव्हा घेतल्यावर त्या परत गेल्या. फिलिपिन्समधल्या बालांगिगाच्या तीन घंटा अमेरिकन सैनिकांनी १९०१ मध्ये उचलल्या, त्या २०१८ मध्ये परत मिळाल्या. बालांगिगाच्या गावकऱ्यांनी त्या परत मिळाव्यात ही मागणी सोडली नाही. वसईच्या घंटांची गोष्ट मला वेगळी वाटते. त्या आजही देवापुढे आहेत, आणि त्यांच्याखालून जाणारी माणसे त्या शहराची लेकरे नसली तरी त्या घंटांची वारस झाली आहेत. त्या परत नेण्याची मागणी मी करणार नाही.

मागायचे ते वेगळे आहे. वसईला आज गेलात तर चर्चच्या भिंती आहेत, सेंट जोसेफचा मनोरा आहे, दोन्ही दरवाजे आहेत. छपरे, लाकूड, कोरीव दगड बहुतांश गेले. सगळा दोष १७३९ च्या लढाईचा नाही. १७८० मध्ये इंग्रजांचा जनरल गॉडर्ड पुन्हा तोफा घेऊन आला, आणि नंतर ओसाड पडलेल्या शहराचा उपयोग लोकांनी खाणीसारखा केला. १८७६ मध्ये डॉ. गेर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवर पुस्तक लिहिले नसते तर या भिंतींची नावे कळणेही कठीण होते. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. घंटा मात्र देवस्थानांच्या, आणि त्यांची एकत्र नोंद हवी. कोणती घंटा कुठे, अंगावरची अक्षरे काय, साल कोणते, तडा आहे का, कोणत्या चर्चची असावी. तेल, कुंकू आणि हातांच्या स्पर्शाने कोरीव अक्षरे झिजत चालली आहेत. कागद ठेवून त्यांचा ठसा घ्यायला एक सकाळ पुरे, खर्चही नगण्य. पुण्या-मुंबईच्या इतिहास संशोधकांनी आणि वसईच्या चर्चमधल्या जाणकारांनी एकत्र बसून पोर्तुगीज व लॅटिन ओळी वाचाव्यात, आणि देवस्थानांनी त्यांचा मराठी अर्थ घंटेशेजारी लावावा. भीमाशंकरच्या रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसाला वाचायला तेवढे पुरेसे आहे. ओझरच्या देवळातही एक ओळ असावी, आणि तिच्यात वसईचे नाव असावे.