आर्ट्‌सला गेलेला मुलगा

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन तऱ्हेची घरे दिसू लागतात. एका घरी पेढे वाटले जातात आणि मुलगा कोणत्या शाखेस जाणार हे कोणी विचारण्याच्या आधीच सांगितले जाते. दुसऱ्या घरी तोच प्रश्न विचारला असता वडील किंचित खाकरतात आणि ‘तूर्त आर्ट्‌सला घातला आहे’ असे म्हणून विषय पावसाकडे वळवतात. या ‘तूर्त’ शब्दात केवढी शरम भरलेली असते, हे त्या मुलास न सांगताच कळते. मुलीच्या बाबतीत तर तेवढीही शरम वाटत नाही, कारण तिच्या शिक्षणाकडून कोणी काही अपेक्षाच ठेवलेली नसते. कला शाखा ही जणू उरलेल्यांची पंगत, असा आपला एकंदर समज होऊन बसला आहे.

गोमंतकात तरी हा समज रुजावयास नको होता. बी. ए. होण्यासाठी गाव, घर आणि कधी कधी राज्यही सोडावे लागत असे, तो काळ आपल्या घराण्यांच्या आठवणीत अजून आहे. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि येथील हिंदूंना शिक्षणाचे व नोकरीचे दरवाजे कायद्याने उघडले. परंतु त्या दरवाजांच्या आत कला महाविद्यालय नव्हते. पणजीचे लिसेव होते, वैद्यक शाळा होती, आणि पुढे शिकावयाचे तर लिस्बन, नाही तर घाट. धेंपे व चौगुले ही महाविद्यालये मुक्तीनंतर, 1962 साली निघाली. तोपर्यंत मराठी घरातील मुलगा पुणे-मुंबईस जाई, धारवाडास जाई, अथवा बेळगावास. बेळगाव त्यांतले सर्वांत जवळचे. कुळे, कॅसलरॉक, लोंढे करीत आगगाडीने चढावयाचे. मध्ये दोन देशांच्या चौक्या. 1955 साली नाकेबंदीत ती गाडीही थांबली. बेळगाव शहराच्या एका भागास गोवावेस म्हणतात. त्या वेशीतून आत गेले की पुढे टिळकवाडी लागते.

टिळकवाडी हे नाव लोकमान्यांचे. 1916 च्या एप्रिलात त्यांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावातच. आणि महात्मा गांधी ज्या एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते 1924 चे अधिवेशनही याच परिसरात भरले. काँग्रेस रोड हे नाव त्याची खूण म्हणून राहिले आहे. या वस्तीत 1945 पासून राणी पार्वतीदेवी महाविद्यालय उभे आहे. ते चालविणाऱ्या संस्थेचे नाव साऊथ कोकण एज्युकेशन सोसायटी. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रापासून एवढ्या दूर, ‘दक्षिण कोकण’! राणी पार्वतीदेवींच्याच नावाचे हायस्कूल सावंतवाडीतही आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे नात्याची ओळख पटते. बेळगावातील संस्थांची नावे एकामागून एक वाचून पाहावीत. लिंगराज महाविद्यालय 1933 साली काढणारी के. एल. ई. संस्था कर्नाटकाचे नाव सांगते, भाऊराव काकतकर महाविद्यालय चालविणारे मंडळ दक्षिण महाराष्ट्राचे आणि टिळकवाडीतील संस्था कोकणचे. शहर एकच, परंतु ते कोणाचे याची तीन उत्तरे पाट्यांवरच लिहिलेली. त्यातही लिंगराज महाविद्यालय टिळकवाडीतील महाविद्यालयाच्या बारा वर्षे आधीचे. म्हणजे बेळगावच्या मराठी मुलास शहरात राहून महाविद्यालयात जाण्याची पहिली सोय एका कन्नड संस्थेने करून दिली, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

अशा ठिकाणी खेड्यातून प्रथमच येणाऱ्या मुलाचा अनुभव काय असतो? खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीकडचा मुलगा असो, चंदगडचा असो, वा आपल्या सत्तरीतून चोर्ल्याचा घाट चढून गेलेला असो, पहिले काही महिने सर्वांचे सारखेच जातात. पहाटेची गाडी चुकली तर पहिला तास बुडतो. गाडी वेळेवर आली तर टिळकवाडीतले रेल्वेचे फाटक पडलेले असते. शहरवासीयांनी त्या फाटकांना पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट अशी नावे देऊन टाकली आहेत आणि पत्ता सांगावयाचा तो त्यांवरूनच. फाटकापाशी सायकलीवर एक पाय टेकून उभे राहिलेल्या मुलांच्या जेवढ्या मैत्र्या जमल्या असतील, तेवढ्या वर्गातही जमल्या नसतील. खोली घ्यावयाची तर भाडे परवडते ते शहापूर-वडगावकडे, आणि तेथे शेजारच्या घरातल्या मागाच्या ठोक्यावर अभ्यास करावा लागतो. खानावळीत भाताऐवजी भाकरी पुढे येते. समुद्राकाठच्या मुलास ती आठवडाभर घशाखाली उतरत नाही, आणि वर्षाअखेरीस घरी गेल्यावर तो आईपाशी झुणका मागू लागतो. पाऊस तर आपल्याहून वेगळाच. आपला कोसळतो आणि थांबतो. तेथला दिवसच्या दिवस बारीक भुरभुरत राहतो आणि वह्यांची पाने ओली करतो.

वर्गात गेल्यावर निराळीच पंचाईत. शाळेत मास्तरांनी सांगितलेले उतरवून घ्यावयाचे असते. येथे एखादे प्राध्यापक मधेच थांबून ‘तुम्हांला काय वाटते?’ असे विचारतात. आजवर हा प्रश्न त्याला घरात किंवा गावात कोणीही विचारलेला नसतो. त्यास काही वाटते की नाही, हेच त्याला ठाऊक नसते. इंग्रजीच्या तासाला तो शेवटच्या बाकाच्या आधाराने दिवस काढतो. वाचनालयाच्या खिडकीपाशी पुस्तकाचे नाव उच्चारताना आपली जीभ अडखळेल या भीतीने तो नाव कागदावर लिहून नेतो. मग कोठे तरी एखाद्या भित्तिपत्रकात चार ओळी छापल्याप्रमाणे हस्ताक्षरात लागतात, एखाद्या वक्तृत्व स्पर्धेत पाय लटपटत का होईना पाच मिनिटे बोलणे होते, आणि स्नेहसंमेलनाच्या नाटकात दिवाणजीचे काम मिळते. हे सर्व अभ्यासक्रमात नसते. गावाकडच्या वडिलांस तर ती नसती थेरेच वाटतात. पण पुढे ग्रामसभेत उभे राहून तहसीलदारास प्रश्न विचारणारा माणूस घडतो, तो बहुधा याच पाच मिनिटांत.

या सगळ्याहून मोठा अनुभव असतो शेजारच्या बाकाचा. त्या बाकावर कन्नड मुलगा बसलेला असतो. गाडीवरची पाटी कन्नडमध्ये, सरकारी अर्ज कन्नडमध्ये, आणि याला शाळेत कन्नड आलेले असते ते उत्तीर्ण होण्यापुरते. दोघांची जुळणी प्रथम होते ती अशा कोणा पेन्सिलीच्या वा टिपणांच्या उसनवारीतून. मग इतिहासाच्या वर्गात बेलवडीची गोष्ट निघते. दक्षिण दिग्विजयाहून परतताना शिवाजी महाराजांच्या सैन्याशी झुंजलेली ही स्त्री. मराठी मुलाने तिचे नाव सावित्रीबाई देसाई म्हणून ऐकलेले असते आणि त्या गोष्टीत महाराजांचे औदार्य केंद्रस्थानी असते. कन्नड मुलाची ती बेलवडी मल्लम्मा असते, आणि गोष्ट तिच्या शौर्याची असते. दोघेही आपापली गोष्ट खरी मानून आलेले. एकच प्रसंग दोन नावांनी, दोन अभिमानांनी सांगितला जातो आणि साधने तपासल्यावाचून त्यांतले काहीही पुरते मानता येत नाही, हे ज्या मुलास अठराव्या वर्षी उमगले, त्याला पुढे कोणताही पुढारी सहजासहजी फितवू शकत नाही. हे शिक्षण यंत्रशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिळत नाही. ते कला शाखेच्या वर्गात मिळते. आणि बेळगावसारख्या शहरात ते जेवढे मिळते, तेवढे एकाच भाषेच्या शहरात मिळणे कठीण.

पु. ल. देशपांडे याच राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. ‘गणगोत’मधले रावसाहेब त्यांना भेटले ते बेळगावच्या त्याच वास्तव्यामुळे. मराठीचे लिंग-वचन कन्नडच्या चालीवर बिनदिक्कत वळवणारा तो उमदा गृहस्थ महाराष्ट्रभर घराघरांत पोहोचला. बेळगावी मराठीस हसणाऱ्या पुण्या-मुंबईच्या वाचकाने रावसाहेबांवर प्रेमच केले. जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले आणि धारवाडच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवीत राहून मराठी कथा लिहीत राहिले. भोवताली कन्नड, पोटासाठी इंग्रजी, लेखणीत मराठी. उलट दिशेचे उदाहरण द. रा. बेंद्रे यांचे. घरची भाषा मराठी, आणि कन्नडचे वरकवी म्हणून 1973 चे ज्ञानपीठ त्यांच्याकडे गेले. इंदिरा संतांची कविताही याच शहरात, अध्यापनाचे काम करता करता बहरली. ही माणसे दोन भाषांच्या सीमेवर राहिली म्हणून लहान झाली नाहीत.

हे सारे लिहिताना आम्ही सीमाप्रश्न विसरलो आहोत असे कोणी समजू नये. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मराठी भाषकांच्या इच्छेविरुद्ध त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. 1967 च्या महाजन अहवालाने जखम भरली नाही, आणि 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अद्याप निकालाविना आहे. एका टिळकवाडीच्या महाविद्यालयाचेच पाहा. त्याचा जन्म मुंबई विद्यापीठाच्या काळातला, मग ते धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेले आणि 2010 नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. इमारत जागची हलली नाही. पदवीपत्रावरचा शिक्का तेवढा बदलत गेला. निपाणीची कथा याहून चमत्कारिक. शहर कर्नाटकात, आणि त्याला खेटून असलेले देवचंद महाविद्यालय मात्र अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात. निपाणीचा मुलगा सकाळी चालत परराज्यात शिकावयास जातो आणि दुपारी जेवावयास स्वराज्यात परततो. त्याला पदवी शिवाजी विद्यापीठाची मिळते आणि रहिवासी दाखला कर्नाटकाचा. या दोन कागदांची भेट नोकरीच्या अर्जावर होते, तेव्हा खरी कसोटी लागते.

तेथेच आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले 350-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगते. प्राथमिक! घटनेचा हा हात चौथीच्या किंवा फार तर सातवीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो आणि तेथून मागे घेतला जातो. तिसावे कलम अल्पसंख्याकांस स्वतःच्या संस्था काढण्याचा हक्क देते; पण संस्था काढली तरी तिच्या मराठी वर्गात कोणी बसावे, याची हमी कोणतेही कलम देऊ शकत नाही. ते पालक ठरवितात. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या सीमाभागातील मुलीस कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर कन्नड पक्के हवे. महाराष्ट्रात हवी तर ती बाहेरची. महाराष्ट्र ज्या 865 गावांवर हक्क सांगतो, तेथील विद्यार्थ्यांसाठी त्याने काही सवलती ठेवल्या आहेत, हे योग्यच झाले. परंतु सवलत आणि भवितव्य या निराळ्या गोष्टी आहेत. त्या मुलीचे वडील शेवटी हिशेब करतात आणि धाकट्या बहिणीस इंग्रजी माध्यमात घालतात. कोणत्याही सरकारी फतव्यावाचून मराठीचा वर्ग असाच एकेका बाकाने रिकामा होत जातो. मोर्चात दहा हजार माणसे जमतात, ही अभिमानाची गोष्ट खरी. त्यांतील किती घरांतली मुले मराठी विषय घेऊन महाविद्यालयात बसली आहेत, हे विचारले तर मात्र कोणी रागावू नये.

सीमाभागातील मुलाने कन्नड शिकू नये असे सांगणाऱ्यांशी आमचे जमत नाही. त्याने ते उत्तम शिकावे, बेंद्र्यांची कविता मुळातून वाचावी. पण कन्नड शिकल्याची किंमत म्हणून त्याने मराठी टाकून द्यावी, असे कोणत्याही शासनाने अपेक्षू नये. ज्या राज्याने 2014 साली बेळगावचे बेळगावी केले, त्याला आपल्याच नागरिकांच्या मुलांस सरकारी कागद त्यांच्या भाषेत देणे जड जाऊ नये.

आणि आपण? साखळी, पेडणे, खांडोळा, केपे येथे सरकारी महाविद्यालये झाली, मुलींना घरापासून तासाभराच्या आत पदवी मिळू लागली, हे फार चांगले झाले. ज्या घरांनी मुलीस बेळगावास धाडले नसते, त्यांनी तिला साखळीस धाडले. त्यामुळे घाट चढणारी पावले थांबली, याबद्दल हळहळणे म्हणजे सुखाला दुःख म्हणणे होईल. मात्र वाहतूक आता उलट दिशेने चालू करता येईल. चोर्ल्याच्या रस्त्याने बेळगाव ते पणजी हा एका सकाळचा प्रवास आहे. गोवा विद्यापीठात मराठी विभाग आहे. टिळकवाडीत, खानापुरात वा निपाणीत मराठी घेऊन बी. ए. झालेल्या विद्यार्थ्यास एम. ए.साठी येथे यावयाचे असेल, तर त्याच्याकडे परराज्यातला म्हणून न पाहता त्याच्यासाठी दोन-चार जागा व वसतिगृहातील एखादी खोली राखून ठेवणे अवघड नाही. ज्या शहराने आपल्या आधीच्या पिढीस वेशीचे नाव देऊन आत घेतले, त्याच्या मुलांसाठी एवढे करण्यास विद्यापीठाच्या एका ठरावाहून अधिक काही लागणार नाही. प्रवेशाचे दिवस पुन्हा येण्यापूर्वी तो ठराव व्हावा.