पात्यावरचे तीस अंश

वैशाखात जुळे सोलापुरात रात्री अकरा वाजताही स्लॅबमधून झळ उतरत असते. पारा ४३-४४ अंशांवर गेलेल्या दुपारची उष्णता काँक्रीटमधून झिरपत खोलीपर्यंत यायला तेवढा वेळ घेते. गच्चीला पांढरा रंग द्यावा, वर हिरवी जाळी बांधावी की संध्याकाळी पाणी मारावे, यावर विजापूर रोडच्या दोन्ही बाजूंच्या नगरांत दर उन्हाळ्यात चर्चा होते. या तिन्ही उपायांमागे एकच शास्त्र आहे, अभियांत्रिकीची मुले ज्याला हीट ट्रान्सफर म्हणतात ते. काही माणसे अख्खी कारकीर्द या शास्त्राच्या प्रयोगशाळेत घालवतात आणि त्यांनी मोजलेल्या आकड्यांवर विमानाचे इंजिन टिकते. आपल्याकडच्या मुलामुलींनी या वाटेकडे पाहावे असे मला मनापासून वाटते.

आधी इंजिनाचे पाहू. आधुनिक जेट इंजिनात इंधन जळून टर्बाइनकडे जाणारा वायू १५०० अंश सेल्सियसच्याही वर तापलेला असतो. टर्बाइनची पाती निकेलच्या मिश्रधातूची, आणि हा धातू १३०० अंशांच्या आसपास वितळू लागतो. तरीही पाते हजारो तास फिरत राहते, कारण ते आतून पोकळ असते. इंजिनाच्या पुढच्या भागात दाबलेली हवा त्या पोकळीत सोडतात. कुठे ती बारीक झोतांनी आतल्या भिंतीवर आदळते, कुठे नागमोडी वाटांनी फिरते आणि शेवटी मिलिमीटरभराच्या किंवा त्याहून लहान छिद्रांतून बाहेर येऊन पात्यावर थंड हवेचा पातळ थर पसरवते. ‘थंड’ हे फक्त वायूच्या तुलनेत. ही हवाही काहीशे अंश तापलेलीच असते. शिवाय थंड करायला वळवलेली प्रत्येक किलो हवा इंजिनाच्या जोरातून वजा होते. त्यामुळे हवा लागेल तेवढीच द्यावी लागते, आणि नेमकी किती लागेल हे कळण्यासाठी पात्याच्या कोणत्या ठिकाणची उष्णता किती वेगाने निघून जाते ते माहीत असावे लागते. धातूच्या तापमानाचा अंदाज ३० अंशांनी चुकला तरी पात्याचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. हजार-बाराशेमधले तीस!

हे सगळे संगणकावर काढता येत नाही का? येते, आणि त्या कामात एक मराठी नाव जगभर घेतले जाते. सुहास पाटणकर पुण्यात जन्मले, १९६२ साली तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले, आयआयटी मुंबईतून एम.टेक. आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून डॉक्टरेट घेऊन पुढे मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. ब्रायन स्पाल्डिंग यांच्याबरोबर १९७२ साली त्यांनी मांडलेली ‘सिंपल’ ही पद्धत प्रवाहाची गणिते सोडवणाऱ्या असंख्य सॉफ्टवेअरच्या मुळाशी आहे. पण गणित सोडवण्याची रीत कितीही भक्कम असली, तरी हवेतल्या खळबळीसाठी आपण जे मॉडेल गृहीत धरतो ते तोकडे असेल तर उत्तरही तोकडेच येते. हवेचा झोत भिंतीवर आदळतो त्या मध्यबिंदूपाशी बराच काळ सर्रास वापरले गेलेले मॉडेल उष्णतेचा वेग वास्तवापेक्षा जास्त दाखवते. ही चूक पकडली ती प्रयोगांनी.

असा एक प्रयोग आयआयटी मुंबईत झाला. वादिराज कट्टी आणि एस. व्ही. प्रभू यांनी तो २००८ साली प्रसिद्ध केला. कागदाहून पातळ असा स्टेनलेस स्टीलचा पत्रा ताणून बसवायचा आणि त्यातून वीज सोडून तो तापवायचा. समोरून एका लांब सरळ नळीतून हवेचा झोत सोडायचा. नळीची लांबी व्यासाच्या ८३ पट, म्हणजे बाहेर पडेपर्यंत प्रवाह पुरता स्थिरावलेला असतो. पत्र्याच्या मागच्या बाजूने इन्फ्रारेड कॅमेरा तापमानाचा नकाशा टिपतो. पत्रा पातळ का, तर उष्णता त्यात आडवी पसरायला वाव मिळू नये आणि पुढचे-मागचे तापमान जवळपास सारखे राहावे. नळी पत्र्यापासून अर्ध्या व्यासाइतकी जवळ ते आठ व्यासांइतकी दूर नेत त्यांनी मोजणी केली. मध्यापासून एका व्यासापर्यंत एक वागणूक, एक ते अडीच व्यासांपर्यंत दुसरी आणि त्यापलीकडे तिसरी, असे तीन पट्टे त्यांनी वेगळे काढले. मधला पट्टा मला सर्वांत विलक्षण वाटतो. झोत जवळून सोडला, तर मध्यापासून दूर जाताना कमी होत गेलेला उष्णतेचा वेग साधारण दोन व्यासांच्या अंतरावर पुन्हा वाढतो, कारण शांत सरकणारा हवेचा थर तिथे खळबळू लागतो. नुसत्या तर्काने ही दुसरी उसळी कुणाला सुचली नसती.

अवकाशयानाचे प्रश्न याहून उग्र. परतणाऱ्या यानाभोवती हवा हजारो अंश तापते, आणि तशी हवा जमिनीवर शॉक टनेलमध्ये तयार केली तर ती टिकते फार तर काही मिलिसेकंद. तेवढ्यात उष्णता मोजायची! बंगळूरची आयआयएस्सी, आयआयटी मुंबई इथे असे टनेल आहेत. आयआयटी कानपूरने २०२४ मध्ये सेकंदाला ३ ते १० किलोमीटर वेग निर्माण करणारा २४ मीटर लांबीचा टनेल कार्यान्वित केला.

या वाटेवरचे आयुष्य कसे असते, हे पालकांना सांगायला हवे. बी.ई., गेट, एम.टेक., मग पीएच.डी. त्यातला बराच काळ उपकरण उभे करण्यात जातो: हवेची गळती शोधणे, तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची टोके जोडणे, ती प्रमाणित करणे, तापमान स्थिर होईपर्यंत वाट पाहणे. किती वीज दिली आणि त्यातली किती मोजमापाला चुकवून इकडेतिकडे निसटली, हा हिशेब जुळल्याशिवाय एकही आकडा छापायचा नसतो. २०२३ पासून संशोधनवृत्ती सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये आहे. बरोबरीचे मित्र याहून बरेच कमावतात, हे खरे आहे. पण देशाला या माणसांची निकड आहे. १९८९ साली मंजूर झालेले कावेरी इंजिन तेजस या लढाऊ विमानाला लागले नाही. तेजस आजही अमेरिकन इंजिनावर उडते. कारणे अनेक असतील, पण इंजिनाच्या तापणाऱ्या भागांचे तंत्रज्ञान हे त्यातले मोठे कारण आहे.

अलीकडे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सरळ सॉफ्टवेअरवर उरकले जातात. रंगीत चित्रे देखणी येतात, पण ती कशाशी ताडून पाहिली हे कुणी विचारत नाही. हे थांबले पाहिजे. सोलापुरात १९८३ पासून वालचंद इन्स्टिट्यूट आहे, त्यानंतर आणखीही महाविद्यालये निघाली. एक ब्लोअर, स्टीलचा पातळ पत्रा, तांब्याच्या दोन पट्ट्या, वीजपुरवठ्याचा संच आणि कॅमेरा नसेल तर पत्र्याच्या पाठीला चिकटवलेले थर्मोकपल, एवढ्यावर झोताचा प्रयोग उभा राहतो. शिक्षकांनी यंदा एका तरी गटाला हा विषय द्यावा, आणि त्या गटाने दोन व्यासांच्या अंतरावरची ती उसळी स्वतः मोजून पाहावी.