दोराचे दुसरे टोक

सुटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे विश्रांतीचे चित्र उभे राहते. थंड हवेचे ठिकाण, वेळेवर मिळणारा चहा आणि दुपारची निर्वेध झोप एवढ्यावर आपले समाधान होते. युरोपातील गिर्यारोहक मंडळांची पंधरा-वीस माणसे मात्र सुटी काढून भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर जातात आणि आठवडाभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कड्यांवर चढत-उतरत राहतात. हे ऐकून कोणी म्हणेल, ज्याची त्याची हौस! त्यावर व्याख्यान कशाला? आमचे म्हणणे असे की, या हौसेच्या पोटात परस्परविश्वासाचे एक शास्त्र दडलेले आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. त्यासाठी आपण एकच बेट घेऊ. त्याचे नाव कालिम्नोस.

ग्रीसच्या आग्नेयेस, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, कोस आणि लेरोस या बेटांच्या मध्ये कालिम्नोस आहे. क्षेत्रफळ शंभर चौरस किलोमीटरांहून थोडेसे अधिक. जमीन खडकाळ, शेती बेताची. सारा खडक चुनखडीचा आहे. आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्हारसातून घडला. हा खडक मात्र समुद्राच्या तळाशी साचत साचत तयार झाला आणि पुढे वर उचलला गेला. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते. त्यामुळे कड्यांच्या पोटात प्रचंड गुहा झाल्या आहेत आणि त्यांच्या छतांतून झुंबरांसारखे लवणस्तंभ खाली लोंबतात. मासूरी गावाच्या वरच्या अंगाला असलेली ‘ग्रांदे ग्रोता’ ही अशीच एक विशाल गुहा. समोर अरुंद खाडीपलीकडे तेलेंदोस हे चिमुकले बेट दिसते. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील भूकंपाने ते कालिम्नोसपासून तुटले, असे सांगतात.

हे कडे तेथे युगानुयुगे उभेच होते. पण त्यांच्याकडे चढणाऱ्याच्या नजरेने पाहिले ते आंद्रेआ दी बारी या इटालियन गिर्यारोहकाने. 1996 साली तो येथे सुटीवर आला, कडे पाहून थक्क झाला आणि पुढे मित्रांना घेऊन परतला. त्यांनी कड्यांत बोल्ट ठोकून चढाईचे पहिले मार्ग आखले. आज या बेटावर तीन हजारांहून अधिक आखीव मार्ग आहेत. वसंतात आणि शरदात जगभरातील गिर्यारोहक येथे येतात. मधल्या कडक उन्हाळ्यात खडक तापतो, तेव्हा सावलीतल्या कड्यांवरच काय ते चढता येते.

आता मंडळाच्या सहलीकडे वळू. लंडनमध्ये 1857 साली ‘आल्पाइन क्लब’ स्थापन झाला. गिर्यारोहकांची ही पहिली संस्था. पुढे गावोगावी मंडळे निघाली आणि सभासदांनी ठरल्या दिवशी ठरल्या डोंगरापाशी जमावे, अशी रीत पडली. कालिम्नोसची सहल हे त्या रीतीचेच आजचे रूप. एक सभासद व्यवस्था पाहतो. महिनोन्‌महिने आधी नावे गोळा होतात, खोल्या ठरतात, विमानाने कोसला आणि तेथून बोटीने कालिम्नोसला येण्याचा बेत होतो. सभासदांत विशीतला तरुण असतो, तशी साठी उलटलेली बाईही असते. कोणी अवघड कड्यांवरचा वाकबगार, तर कोणी यंदाच दोर हाती घेतलेला. रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशीच्या जोड्या ठरतात, आणि व्यवस्थापकाची खरी परीक्षा येथेच होते. खोली कोणाबरोबर, हा सोयीचा प्रश्न असतो. दोर कोणाबरोबर, हा जिवाचा असतो.

असे का, हे कळण्यासाठी चढाईची रीत पाहिली पाहिजे. कड्यावर पायथ्यापासून माथ्याकडे दोन-तीन मीटरांच्या अंतराने बोल्ट बसवलेले असतात. पहिला चढणारा कमरेच्या पट्ट्याला दोर बांधून निघतो. वाटेत लागेल त्या बोल्टला तो एक कडी अडकवतो आणि कडीतून आपला दोर ओवतो. खाली उभा असलेला जोडीदार एका छोट्या साधनातून दोर लागेल तसा सोडतो आणि चढणारा निसटला तर जागच्या जागी रोखतो. याला गिर्यारोहक ‘बिले देणे’ म्हणतात. समजा, चढणारा शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर आहे आणि त्याचा हात सुटला. तो बोल्टपर्यंत दोन मीटर आणि त्याखाली आणखी दोन मीटर, असा निदान चार मीटर पडेल. त्यात दोराचा ढिलेपणा आणि ताण मिळवा.

पूर्वी दोर तागाचे असत. ते ताणत नसत, हिसक्याने तुटत; म्हणून ‘पहिल्याने पडायचेच नाही’ असा दंडक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉनचे दोर आले. ताणून हिसका गिळण्याचा गुण त्यांच्यात आहे. तेव्हापासून पडणे हा चढाईचा शेवट राहिला नाही, तो तिचा एक भाग झाला. मात्र हे सारे दोराचे दुसरे टोक जागे असेल तरच खरे. दोर कितीही मजबूत असला, तरी धरणाऱ्याचे लक्ष समुद्रावरील सूर्यास्ताकडे असेल, तर त्या मजबुतीचा उपयोग काय?

अशा ठिकाणी अपघात होतात ते पुष्कळदा अवघड जागी होत नाहीत. ते सोप्या जागी होतात. चढणारा माथ्यावरील साखळीपाशी पोहोचला की जोडीदार त्याला दोराने खाली उतरवतो. येथे एक साधे गणित आहे. मार्ग 40 मीटर उंच असेल, तर वर 40 आणि खाली 40, म्हणजे 80 मीटर दोर लागतो. हाती 70 मीटरांचा दोर असेल, तर शेवटची दहा मीटर उरली असताना दोराचे मोकळे टोक धरणाऱ्याच्या साधनातून सर्रकन निसटते आणि उतरणारा खाली कोसळतो. यावर उपाय कोणता? त्या टोकाला एक गाठ मारून ठेवणे. गाठीला काही सेकंद लागतात. म्हणून चढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची गाठ, पट्टा आणि साधन डोळ्यांनी पाहून, हाताने ओढून तपासायचे, असा नियम आहे. तो नवख्याने पाळायचा आणि वीस वर्षे मुरलेल्यानेही पाळायचा. किंबहुना मुरलेल्यानेच अधिक. कारण सरावाबरोबर बेफिकिरीही येते. चौथ्या-पाचव्या दिवशी अंग आंबलेले असते, ओळखी वाढलेल्या असतात, गप्पा रंगात आलेल्या असतात, आणि गाठ राहते ती नेमकी त्या दिवशी. नवख्या सभासदाने ज्येष्ठाला ‘तुमची गाठ दाखवा’ असे बेधडक म्हणावे आणि ज्येष्ठाने राग न मानता ती दाखवावी, हे ज्या मंडळात घडते ते मंडळ चांगले समजावे.

येथवरची गोष्ट कोणत्याही कड्याला लागू पडेल. परंतु कालिम्नोसला दोराचा आणखी एक इतिहास आहे. कडे प्रसिद्ध होण्यापूर्वी हे बेट स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचे होते. पूर्वी पाणबुडा दहा-पंधरा किलोची चपटी शिळा हातात धरून, एका श्वासावर, तिच्या भाराने सरळ तळाशी जाई. शिळेला दोर बांधलेला असे, आणि दोराचे दुसरे टोक होडीतील सोबत्याच्या हाती. तळातून हिसका आला की सोबत्याने वर ओढायचे. पाणबुडा फार काळ खाली राहूच शकत नसे, कारण त्याचा श्वास हाच त्याचा हिशेबनीस होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात या बेटांवर पाणबुड्याचा पोशाख आला. तांब्याचे शिरस्त्राण, रबरी अंगरखा आणि वरून पंपाने येणारी हवा. आता माणूस खोल पाण्यात कितीतरी वेळ राहू लागला. स्पंज वाढले, पैसा आला, आणि त्याबरोबर पांगळेपणा आला. दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस एकदम वर आला तर त्याचे बुडबुडे होतात आणि ते मज्जारज्जूला इजा करतात. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे कारण 1878 साली मांडले आणि सावकाश वर येण्याची कोष्टके हॉल्डेनने 1908 साली प्रसिद्ध केली. तोवर कितीतरी तरुण मेले, कितीतरी लुळे पडून परतले. त्यांची आठवण बेटाने एका नृत्यात जपली आहे. ‘मिहानिकोस’ या नृत्यात नाचणाऱ्यांच्या रांगेतील पहिला पुरुष काठीच्या आधाराने, थरथरत्या पायांनी नाचतो.

आम्हांला येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. पोशाखातल्या पाणबुड्यालाही दोर होता आणि तो धरणारा बेटावरचाच माणूस होता. तो निर्दय नव्हता. पण सफरीवर निघण्यापूर्वीच पाणबुड्याला उचल दिलेली असे आणि ती फेडायची तर स्पंज हवे असत. किती खोल जायचे, किती वेळ राहायचे, हे ना पाणबुड्याच्या मर्जीवर उरले, ना दोर धरणाऱ्याच्या. ते हिशेबाच्या वहीने ठरवले. दोर होता, पण त्याचे दुसरे टोक मोकळे नव्हते.

पुढे कृत्रिम स्पंज आले, 1986 साली भूमध्य समुद्रात स्पंजांवर रोग पसरला आणि हा धंदा खालावला. ज्या बेटाची माणसे पोटासाठी समुद्रात उतरत होती, तेथे परकी माणसे आता हौसेने कडे चढतात आणि त्यांच्या राहण्या-जेवण्यावर अनेक घरे चालतात. हा बदल सुखाचा आहे. पण त्यानेही एक ऋण निर्माण केले आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेने पोलाद आतून कुजते. उत्तम प्रतीचा न गंजणारा बोल्टही वरून चकचकीत दिसून आत तडकलेला असू शकतो. म्हणून जुने बोल्ट काढून नवे बसवावे लागतात, आणि समुद्रालगत टायटेनियमचे बोल्ट उत्तम असले तरी ते महाग पडतात. सहलीला आलेला माणूस भोजनगृहाचे बिल चुकवतो, खोलीचे भाडे चुकवतो. ज्या बोल्टवर तो पडला आणि वाचला, त्याची किंमत मात्र त्याच्याकडे कोणी मागत नाही. अनेक देशांतील गिर्यारोहकांनी यासाठी वर्गणीचे निधी उभारले आहेत. आमच्या मते मंडळाच्या सहलखर्चात असा एक रकाना असलाच पाहिजे. ते दान नव्हे, देणे आहे.

चढणाऱ्याच्या दोराचे एक टोक त्याच्या कमरेला असते. दुसरे टोक पाहू गेले, तर प्रथम जोडीदार दिसतो. त्याच्यामागे जोडी ठरवणारा व्यवस्थापक, त्याच्यामागे उन्हात कड्याला भोके पाडून बोल्ट बसवणारा अनोळखी माणूस. यांतला एक जरी चुकला, तरी कमरेची गाठ व्यर्थ आहे. म्हणून मंडळाच्या सहलीवरून परतलेल्याला ‘किती कडे चढलात?’ असे आपण अवश्य विचारावे. पण त्याच्या जोडीने ‘किती जणांचा दोर धरलात?’ हेही विचारावे. सहल कशी झाली, ते या दुसऱ्या उत्तरावरून अधिक कळेल.