व्यवस्थापक आणि कामगाराचे शहाणपण

कामगाराला उत्तेजन देणे म्हणजे दिवाळीला मिठाईचा पुडा देणे, अशी पुष्कळ व्यवस्थापकांची समजूत असते. कामगाराचे म्हणणे निराळे आहे. आपल्या कामातले आपल्याला जे कळते, त्याला कारखान्यात किंमत असावी, एवढेच तो मागतो.

सोलापूरकरांच्या ओळखीचे मागाचेच उदाहरण घेऊ. ताण्याच्या सुताला खळ नीट बसली नाही, किंवा खात्यातली हवा कोरडी पडली, की सूत वारंवार तुटते व कापडात दोष राहतो. सूत घेणारा वेगळा, खळ देणारा वेगळा. पण मजुरी कापली जाते ती विणकराची. सूत खराब असल्याचे सर्वांआधी कळते तेही त्यालाच. परंतु माग थांबवून सांगावे तर विणलेल्या कापडावर मिळणारी मजुरी बुडते. न सांगावे तर दंड बसतो. मग तो गप्प राहिला तर नवल काय?

चांगला व्यवस्थापक येथे तीन गोष्टी करील. सदोष सुतासाठी माग थांबविण्याची मुभा देईल; थांबलेल्या वेळेची मजुरी भरून देईल; आणि तक्रारीचे पुढे काय झाले, ते खात्यात येऊन सांगेल. तिसऱ्या गोष्टीला पैसा लागत नाही, तरी तीच सहसा होत नाही.

कायद्याने ही वाट केव्हाच दाखविली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कार्यसमितीची तरतूद झाली. १९७६ च्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील कामगारांच्या सहभागाचे ४३-अ कलम घटनेत आले. पण अशा समित्यांतून पिण्याच्या पाण्याची चर्चा होते. सुताची आणि धंद्याच्या स्थितीची क्वचितच.

ह्याची किंमत केवढी असते, ते आपल्या शहराने पाहिले आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. गैरव्यवस्था व हेळसांड हे कारण त्या वटहुकुमातच नमूद होते. चूक वरच्यांची, चूल विझली ती मागावर उभे राहणाऱ्यांची. ज्याचे पोट धंद्यावर, त्याला धंद्याची स्थिती सांगणे हे उपकार नव्हेत.

आपल्यापैकी कोणी पेढी चालवीत असतील, कोणी शाळा, कोणी दवाखाना. उद्या हुकूम सोडण्यापूर्वी हाताखालच्या माणसाला एवढेच विचारावे : काम कशाने अडते? आणि संध्याकाळपूर्वी त्यातली एक तरी अडचण दूर करावी.