रेडिएटर बदलला, तरी गाडी का तापली?

पालघर जिल्ह्यात, जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर दाभोसा नावाचे गाव आहे. तिथे लेंडी नदी सुमारे 300 फूट उंचीच्या कड्यावरून खाली कोसळते. ऑक्टोबरात पाऊस थांबलेला असतो, पण धबधब्याला पाणी असते. 2022च्या ऑक्टोबरात आम्ही चौघे ठाण्याहून तो पाहायला निघालो होतो. गाडी माझ्या मित्राची. तो शाळेत विज्ञान शिकवतो.

गाडी होती त्याच्या वडिलांनी हौसेने घेतलेली 'कॉन्टेसा क्लासिक'. हिंदुस्थान मोटर्सची ही गाडी 2002पर्यंत बनत होती. सुरुवातीच्या कॉन्टेसात सुमारे 1500 घन सेंटिमीटरचे इंजिन होते. पुढे तिच्यात इसुझू या जपानी कंपनीचे 1800 घन सेंटिमीटरचे, बरेच ताकदवान इंजिन आणि पाच गिअर आले. त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर ही दमदार गाडी समजली जाई.

गाडीचा मूळचा तांब्या-पितळेचा रेडिएटर तीस वर्षांत क्षाराने बुजला होता. मित्राने तो काढून बाजारात मिळणारा ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर बसवला. नवा रेडिएटर जुन्यापेक्षा जाड होता आणि रुंदीला थोडा कमी. म्हणून जुन्या पट्ट्या कापून, नव्या वेल्ड करून तो बसवावा लागला. "आता गाडी तापायचं नाव घेणार नाही," असे मित्र म्हणाला आणि आम्ही निघालो.

विक्रमगड सोडून जव्हारचा घाट चढू लागलो. पुढे एक भरलेला ट्रक होता, त्याच्या मागे आमचा वेग बेताचाच. अर्ध्या घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी बाजूला घेतली. मित्राने बॉनेट उघडले, हाताला फडके गुंडाळले आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात मागून आलेल्या जीपचा चालक ओरडला, "सर, झाकण नका उघडू! अर्धा तास थांबा."

त्याचे ऐकले म्हणून मित्राचा चेहरा वाचला.

झाकण का उघडायचे नाही?

रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे काम करते. त्यातली स्प्रिंग आतला दाब वाढू देते. दाब वातावरणापेक्षा सुमारे 0.9 बार जास्त असेल, तर पाणी 100 अंशांना न उकळता 118-119 अंशांपर्यंत द्रवच राहते. आमच्या गाडीतले पाणी 110 अंशांवर होते असे धरू. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो. मग वरच्या 10 अंशांची उष्णता जाणार कुठे? ती पाण्याची वाफ करते.

हिशेब सोपा आहे. पाणी 7 लिटर धरले, तर 7 किलो × 4.2 किलोज्यूल × 10 अंश, म्हणजे सुमारे 290 किलोज्यूल. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2260 किलोज्यूल लागतात. म्हणजे जेमतेम 130 ग्रॅम पाण्याची वाफ होईल. पण 130 ग्रॅम वाफेला जागा लागते 200 लिटरपेक्षा जास्त! एका मोठ्या पिंपाएवढी वाफ क्षणात तयार होते आणि उरलेले उकळते पाणी घेऊन त्या छोट्या तोंडातून उसळते. हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्या. कुकरचे झाकण घाईने का उघडायचे नाही, हेही त्यातच येते.

घाटात उष्णता किती तयार होते?

गाडी थंड होईपर्यंत आम्ही दगडावर बसून आकडेमोड केली. माणसांसकट गाडीचे वस्तुमान 1400 किलो धरले. रस्ता 15 मीटरला 1 मीटर चढतो आणि वेग ताशी 30 किलोमीटर आहे असे मानले. गाडी वर उचलायला सुमारे साडेसात किलोवॉट आणि टायरच्या घर्षणासाठी दीड-दोन किलोवॉट लागतात. एकूण सुमारे 9 किलोवॉट.

आता हीच गाडी सपाट महामार्गावर ताशी 80 किलोमीटर वेगाने जाते आहे असे समजा. चढ नाही, पण हवेचा विरोध वाढलेला. त्याचा हिशेब केला तर 10 किलोवॉटच्या आसपास येतो. म्हणजे दोन्हीकडे इंजिनाचे काम जवळजवळ सारखेच!

मग महामार्गावर न तापणारी गाडी घाटात का तापते? उत्तर रेडिएटरसमोरच्या वाऱ्यात आहे. महामार्गावर समोरून 80च्या वेगाने वारा येतो. घाटात तो 30चा असतो आणि ट्रकच्या मागे त्याहून कमी. काम तेवढेच, पण थंड करणारी हवा निम्म्याहूनही कमी.

पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेची ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागणी होते. एक वाटा चाकांना, एक धुरातून बाहेर आणि एक थंड करणाऱ्या पाण्यात. म्हणून पाण्यात जाणारी उष्णता घाटात सुमारे 12 किलोवॉट धरायला हरकत नाही. 2 किलोवॉटचे सहा गीझर एकदम चालू केल्यासारखे! रेडिएटर नसता तर 7 लिटर पाणी तीनेक मिनिटांतच उकळू लागले असते.

पाणी आणि हवा

ही 12 किलोवॉट उष्णता आधी पाणी वाहून नेते, मग हवा. पंप सेकंदाला अर्धा लिटर पाणी फिरवत असेल, तर पाण्याचे तापमान रेडिएटरमधून जाताना फक्त 6 अंशांनी उतरले तरी पुरते. हवेचे काय? हवा 30 अंशांनी तापू दिली, तरी सेकंदाला सुमारे 350 लिटर हवा लागते. एकीकडे अर्धा लिटर पाणी, दुसरीकडे साडेतीनशे लिटर हवा. हवा विरळ असते आणि तिची विशिष्ट उष्माधारकताही पाण्याच्या पावपट. त्यामुळे गाडी थंड ठेवण्याच्या कामात हवा हाच कच्चा दुवा असतो.

इथे पाठ्यपुस्तकातला एक मुद्दा आठवतो. उष्णतेच्या संक्रमणाचे तीन प्रकार आपण शिकवतो: वहन, अभिसरण आणि प्रारण. 'रेडिएटर' या नावाचा अर्थ प्रारण करणारा. पण 90 अंशांवरचा, अर्धा मीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर उंच रेडिएटर प्रारणाने दोन्ही बाजूंनी मिळून 200 वॅटसुद्धा टाकत नाही. 12,000 वॅटपैकी हा दीड टक्काच झाला. बाकी सगळे काम वाहत्या हवेचे. नाव प्रारणाचे, काम अभिसरणाचे!

धातू बदलून काय झाले?

"ॲल्युमिनियम चांगला उष्णतावाहक आहे, म्हणून मी तो घेतला," मित्र म्हणाला. मी विचारले, "आणि तांबे?" तो हसला. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400, ॲल्युमिनियमची 235 आणि पितळेची 110च्या आसपास (एकक: वॅट प्रति मीटर प्रति अंश). म्हणजे तांबे सरसच. ॲल्युमिनियम वापरतात ते मुख्यतः हलके आणि स्वस्त म्हणून. त्याची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे.

खरे तर इथे धातूच्या या फरकाला फारसे महत्त्वच नाही. रेडिएटरच्या नळीची भिंत 0.3 मिलिमीटर जाड आहे असे धरा. एक अंशाचा फरक असताना, एक चौरस मीटर भिंतीतून साडेसात लाख वॅटहून अधिक उष्णता जाऊ शकते. पण भिंतीला चिकटलेला हवेचा पातळ थर तेवढ्याच क्षेत्रातून, तेवढ्याच फरकाला, पन्नास ते शंभर वॅटच जाऊ देतो. रस्ता आठ पदरी आणि पुढचा पूल एका गाडीपुरता, अशी ही स्थिती. रस्ता सोळा पदरी केला म्हणून पुलावरची गर्दी हटणार नाही.

म्हणूनच रेडिएटरच्या जाळीत नळ्यांमध्ये पत्र्याच्या नागमोडी पट्ट्या, म्हणजे फिन, बसवलेल्या असतात. हवेचा थर बदलता येत नाही, पण हवेला भिडणारे क्षेत्र वाढवता येते.

मग जाड जाळी जास्त चांगली नाही का? काही प्रमाणात हो. पण मागच्या नळ्यांना मिळते ती पुढच्या नळ्यांनी तापवलेली हवा. शिवाय जाड जाळी हवेला अडवतेही जास्त. पंखा आणि वारा तेवढाच असेल, तर जाडी दुप्पट केल्याने फायदा दुप्पट होत नाही.

चूक कुठे होती?

गाडी निवली. आम्ही खालचा गिअर टाकून, हीटर चालू ठेवून उरलेला घाट चढलो. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढतात आणि त्याबरोबर पंप व पंखाही जोरात फिरतो. हीटर म्हणजे तर छोटा दुसरा रेडिएटरच. आत आम्ही घामाघूम झालो, पण काटा खाली आला. दाभोसाही पाहून झाले.

ठाण्याला परतल्यावर तापमापी घेऊन बसलो. गाडी जागेवर चालू ठेवली. बाहेरची हवा 34 अंश होती, पण रेडिएटरच्या अगदी समोरची हवा 47 अंश! ही गरम हवा आली कुठून?

नवा रेडिएटर रुंदीला कमी असल्याने दोन्ही बाजूंना तीनेक सेंटिमीटरच्या फटी राहिल्या होत्या. जाळीतून जाण्यापेक्षा फटीतून जाणे हवेला सोपे. चालत्या गाडीत समोरचा वारा जाळी टाळून फटीतून निसटत होता. गाडी थांबली किंवा रेंगाळली की उलट घडत होते. इंजिनाकडची तापलेली हवा फटीतून पुढे येत होती आणि पंखा तीच पुन्हा जाळीतून ओढत होता. 90 अंशांचे पाणी 34 अंशांच्या हवेत थंड व्हायचे, ते 47 अंशांच्या हवेत होत होते. तापमानातला फरक 56 अंशांवरून 43वर आला, म्हणजे रेडिएटरची ताकद जवळजवळ पाव हिश्शाने घटली.

दुसरी चूक पंख्याची. जाड रेडिएटर मागे सरकला, म्हणून पंख्याभोवतीचे काउल बसेना. मित्राने ते काढून टाकले होते. काउलमुळे पंखा जाळीच्या पूर्ण पृष्ठभागातून हवा ओढतो. काउल नसेल तर तो पात्यांच्या समोरच्या गोलापुरतीच हवा ओढतो आणि कडेची बरीचशी हवा नुसती घुसळतो.

आम्ही एकेक गोष्ट बदलली. आधी फटी रबराच्या पट्ट्यांनी बुजवल्या. जाळीसमोरची हवा 47वरून 37 अंशांवर आली. मग पत्र्याचे नवे काउल करून घेतले. वेल्ड केलेल्या पट्ट्या रेडिएटरला थेट आवळल्या होत्या. तिथे रबरी बुश घातले, नाहीतर गाडीच्या हादऱ्यांनी ॲल्युमिनियमचे जोड तडकतात. हादऱ्यांनी इंजिनही हलते, म्हणून पंखा आणि जाळी यांत दोन बोटे अंतर राखले. शेवटी साधे पाणी काढून तयार कूलंट भरले. इंजिनात लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात असतात. क्षारयुक्त पाण्यात त्यांचा विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. कूलंटमधली रसायने ही झीज रोखतात.

एका मेकॅनिकने सुचवले होते, "थर्मोस्टॅट काढून टाका." ते आम्ही केले नाही. घाटात थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलाच असतो, तेव्हा तो काढून घाटातले तापणे थांबत नाही. उलट एरवी इंजिन गार राहून पेट्रोल जास्त लागते.

पुढच्या ऑक्टोबरात तेच चौघे, त्याच गाडीने, त्याच घाटाने गेलो. काटा मधल्या खुणेच्या जरासा वर गेला आणि तिथेच राहिला.

वर्गात करून पाहा

1. स्टीलचे तीन सारखे पेले घ्या. तिन्हींत सारखेच गरम पाणी घाला आणि वर पुठ्ठ्याची झाकणे ठेवा. एक पेला शांत हवेत, दुसरा पंख्यासमोर ठेवा. तिसराही पंख्यासमोर, पण त्याच्यापुढे थोड्या अंतरावर पेल्याहून मोठा पुठ्ठा आडवा धरा. दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवा आणि तिन्हींचे आलेख काढा.

2. खोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू कापून काढा. एका बाजूच्या अर्ध्या भागावर दाट सुती कापड ताणून चिकटवा, अर्धा भाग उघडा ठेवा. दुसऱ्या बाजूने टेबलपंख्याने हवा ओढा आणि कापडाच्या बाजूला उदबत्ती धरा. धूर कुठून जातो? आता उघडा भाग बंद करून पुन्हा पाहा. आमच्या गाडीतली फट मुलांना इथे दिसेल.

आणखी एक प्रश्न. दाभोशाचे पाणी सुमारे 90 मीटर खाली पडते. गाडी घाट चढताना जी ऊर्जा खर्च होते, तीच इथे उलट्या दिशेने मोकळी होते. मग खालचे पाणी वरच्यापेक्षा किती गरम असेल? आधी मुलांना अंदाज करू द्या, मग 9.8 × 90 ÷ 4200 हा हिशेब करायला सांगा. उत्तर येते सुमारे 0.2 अंश. एवढा फरक धबधब्याकाठी साध्या तापमापीने मोजता येईल का, आणि उडणाऱ्या तुषारांचे बाष्पीभवन त्यात काय गोंधळ करील, याची चर्चा वर्गातच होऊ द्या.